उथळ बाजू

नोव्हेंबरात सूर्य डोंगरामागं जातो
तो जानेवारीच्या शेवटी पोस्टाच्या छपरावर
मिनिटभर टेकायला येतो.
तोवर आमच्या फ्योर्डात उजेड म्हणजे
तलावाच्या पाण्याखालचे चार दिवे
आणि त्यांच्यावरून उठणारी वाफ.

पस्तीस वर्षं मी इथं शिट्टी वाजवली.
गळ्यात स्टॉपवॉच, डोक्यावर लोकरी टोपी, टोपीवर बर्फ.
गावातलं प्रत्येक माणूस मी आधी आईच्या तळहातावर पाहिलं,
चार महिन्यांचं, बेडकासारखं पाय झाडणारं.
बोलता यायच्या कितीतरी आधी त्याला पाणी उडवता येतं,
आणि उडालेल्या पाण्याकडे ते असं बघतं:
हे मी केलं?

मग सहा वर्षांची झुंड.
त्यांना चालणं ठाऊकच नसतं.
"पळू नका" ही मी आयुष्यात सर्वांत जास्त केलेली प्रार्थना,
आणि ती एकदाही फळली नाही.

मग तेरावं.
नियम सगळ्यांना एकच: पाण्यात उतरण्याआधी
साबण लावून अंघोळ, उघड्यानं.
परवापर्यंत खिदळणाऱ्या मुली
एकाएकी अंग चोरून भिंतीकडे तोंड करतात.
शेजारच्या फवाऱ्याखाली
फरश्या पुसणारी थोरली स्टेनव्हर
एकच स्तन उरलेल्या छातीला साबण चोळत
कॉडच्या भावावर तावातावानं बोलत असते.
मुली हळूच बघतात. मान थोडी वर येते.
हा धडा मी कधी दिला नाही.

माझे धडे वेगळे होते.

केतिल, अकरा वर्षांचा.
कडेच्या गजाला बोटं अशी आवळलेली
की नखं पांढरी.
बाकीचे पलीकडे पोचून दात वाजवत थांबलेले.
मी म्हणाले, मोठ्यानं, आणि वाफेत आवाज लांब जातो,
"नांगरसुद्धा तुझ्याहून बरा तरंगेल."
हशा पिकला.
विनोद साधला म्हणून मला बरं वाटलं,
हेही लिहून ठेवते.

त्या दिवसापासून तो नांगर.
शाळेत नांगर, धक्क्यावर नांगर.
स्वतःच्या लग्नात नाचायला उठला नाही
तेव्हाही कुणीतरी म्हणालंच, रुतलाय तो.
रस्त्यानं चालायचा तो असा,
जणू पायाखालची जागा कुणाकडून उसनी आणलीय
आणि लगेच परत करायचीय.

गेल्या शरदात माझा खुबा मोडला.
नवा सांधा बसवून डॉक्टरनं चिठ्ठी दिली:
पाण्यात चाला.
मी, जिनं दोन पिढ्या या पाण्यात ढकलल्या,
ती शिडीच्या पहिल्या पायरीवर अडून बसले.
माझा पाय मला ओळख दाखवेना.
आणि गरम कुंडात मानेपर्यंत बुडालेलं अख्खं गाव
आपण बघतच नाही असं दाखवत होतं.

खाली कमरेएवढ्या पाण्यात केतिल उभा.
पन्नाशीचा, टक्कल पडलेला.
म्हाताऱ्यांचा वर्ग यंदा पालिकेनं त्याला दिलाय.
पोहायला कधी शिकला, मला पत्ता नव्हता.
मागाहून कळलं: बत्तिसाव्या वर्षी, मुलगी झाल्यावर,
रात्री, दिवे बंद करून,
स्टेनव्हरकडून, जिच्याकडे किल्ली असायची
आणि जिनं गावात चकार शब्द काढला नाही.

इतकी वर्षं मी धरून चालले होते
की हा मला पाण्यात पाहत असेल.
आता तो खरोखरच पाण्यातून बघत होता.
त्यानं हात धरला नाही.
नुसता तळवा माझ्या पाठीशी, पाण्याखाली,
लागणार नाही इतक्या अंतरावर ठेवला.
म्हणाला, "घाई नाही. इथं उथळ आहे."

मी माफीचं वाक्य जुळवत होते.
तेवढ्यात डावा पाय उचलला गेला,
आपला आपण, आणि पाण्यानं तो झेलला.
वाक्य राहिलं.

मंगळवार आणि शुक्रवार आमचा वर्ग असतो.
माफी अजून मागितलेली नाही.
आज सोळा पावलं झाली.
सतराव्याला तो म्हणाला, "पळू नका."